दोन बोटं

ब्रेक चार बोटांनी धरायचा
हे मी देवरुखच्या उतारावर शिकलो,
काकाच्या गाडीवर, जिचा ब्रेक
अर्ज केल्यासारखा उशिरा मंजूर व्हायचा.
मूठभर ओढला की मग कुठे ऐकायची.

शारजात शिकवायला गुलजमीन.
सकाळी सहाला, तापायला लागलेल्या मैदानात
शंकूंमधून इंग्रजी आठ काढायला लावायचा
आणि चुकलं की पाण्याच्या बाटलीचं झाकण
नेम धरून हेल्मेटवर मारायचा.
"सालवी!" (ळ कधी जमलाच नाही त्याला)
"चार उंगली डर की. दो उंगली दिमाग की."

तर्जनी आणि मधलं बोट लिव्हरवर.
ओढायचं नाही.
रात्री दाराच्या कडीवर हात ठेवावा तसं,
उघडायचं नसतं,
बाहेरच्याला कळू द्यायचं असतं
की आत कुणी जागं आहे.
उरलेली दोन आणि अंगठा ग्रिपला.
सगळ्यांनीच थांबवायला धावायचं नाही,
कुणीतरी धरूनही राहायला हवं.

डाव्या हाताचा कायदा वेगळा.
क्लचवर उगाच बोटं टाकून बसलास
तर प्लेट जळेल,
आणि प्लेट जळली की पगार.

मनगट दुखायचं ते मात्र त्याला सांगितलं नाही.
इंडस्ट्रियल एरियातल्या शफिकुलने ओळखलं.
म्हणाला, बस गाडीवर. डोळे मीट. हात पुढे कर, सैल.
बोटं हवेत जिथे पडली
तिथवर त्याने लिव्हर खाली फिरवला
आणि दहा नंबरच्या पान्याने आवळला.
पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.
हेल्मेट दोन साइझ मोठं,
जॅकेट आधीच्या कुणाचं तरी,
गादीत खड्डा तिसऱ्याच माणसाचा.
या अख्ख्या मुलखात माझ्या मापाची
एवढी एकच वस्तू.

ऑगस्टात अल नहदाला
एका पांढऱ्या पेट्रोलने इंडिकेटर न देता यू-टर्न घेतला.
मी काही ठरवलं नाही.
बोटं आधीच तिथे होती.
पुढचा शॉक खाली बसला, मागचं चाक
रस्त्यावरच्या वाळूत थोडं नाचलं,
आणि त्याच्या दारापासून वीतभर अंतरावर
मी एक पाय टेकून उभा होतो, अख्खा.
काच वर होती. आतला माणूस
फोनवर हसत होता. गेला.

मसुराचं सूप सांडलं डब्यात.
गिऱ्हाइकाने एक तारा दिला.
अकरा दिरहम कापले.
हिशेब बरोबर आहे, मी तक्रार केली नाही.

त्या रात्री हात उघडेना.
वरच्या बाकावरचा सुलेमान म्हणाला,
झोपेतही ब्रेक मारतोस, पलंग हलतो.
मी हात उशीखाली घातला.

मनवाने रत्नागिरीच्या स्टँडवर
एसटीच्या खिडकीतून मला करंगळी दाखवली होती.
कट्टी.
सात वर्षांच्या माणसाचा शब्द,
चौदा महिने पाळला तिने.
व्हिडिओ कॉलवर यायची, आईच्या मागे उभी राहायची,
माझ्याशी न बोलता माझ्याकडे बघायची.

शुक्रवारी फोन डाव्या हातात होता,
उजवा तसाच, वळलेला,
दोन बोटं एकमेकांना चिकटून पुढे आलेली.
घाम पुसायला तो वर नेला,
आणि ती ओरडली,
"आई, बाबांनी बट्टी केली!"
तिचीही दोन बोटं स्क्रीनवर आली,
इतकी जवळ की नुसता गुलाबी धूसर चौकोन दिसत होता.
मग शाळेचं, दात पडल्याचं, मांजरीचं,
बॅलन्स संपेपर्यंत.

मी खरं सांगितलं नाही. सांगायचं तरी काय?

हातमोजे आता भिजलेलेच चढवतो,
सत्तेचाळीस डिग्रीत सुकायला वेळ नसतो त्यांना.
बुहैराच्या सिग्नलला दोन बोटं लिव्हरवर टाकतो, सवयीने.
आणि करंगळी
ग्रिपला घट्ट दाबून ठेवतो.
ती उठता कामा नये.